कोऱ्या कडेचं पदक

विचारायची पद्धत म्हणून काही असते की नाही, एवढंच इंदुमतीबाईंचं म्हणणं होतं. पन्नाशीला टेकलेला मुलगा, ऑफिसात हाताखाली माणसांची रांग, गुरुग्रामला चौदाव्या मजल्यावर घर, आणि आईच्या ट्रंकेला हात लावताना तिला एका शब्दानं विचारावं हे काही त्याला सुचलं नाही. त्या पानिपतला भाचीकडे चार दिवस राहून आल्या, तर ह्यांची, गेलेल्या नवऱ्याची, पदकं ट्रंकेतून उठून थेट हॉलच्या भिंतीवर.

"सरप्राइज होतं, आई," विश्वजित म्हणाला.

"सरप्राइज पाहुण्याला देतात. जिची वस्तू तिला विचारतात."

"आई, आधी चहा घ्या, मग भांडा," प्रज्ञा, त्यांची सून, स्वयंपाकघरातून म्हणाली.

"घेते. भांडण कुठं पळून चाललंय."

फ्रेम मात्र झकास होती, हे त्यांनाही नाकारता येईना. मरून मखमल, सोनेरी कड, वर एक इवलासा दिवा आणि खाली पितळी पट्टीवर इंग्रजीत कोरलेलं ह्यांचं नाव. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर काळवंडलेली पदकं आत लखलखत ओळीनं लटकत होती. नव्या फिती, ताठ, इस्त्री केल्यासारख्या. इंदुमतीबाई कप हातात घेऊन भिंतीपाशी गेल्या, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि उजवीकडून डावीकडे बघत गेल्या. नऊ वर्षांच्या नोकरीचं. वीस वर्षांचं. स्वातंत्र्याच्या पंचविशीचं, त्या दिवशी जो जो वर्दीत होता त्या प्रत्येकाला मिळालेलं. सैन्य सेवेचं. सियाचीनचं.

आणि त्याच्याही पुढे, मानाच्या जागी, आणखी एक. पांढरी फीत, मधोमध लाल पट्टा.

इंदुमतीबाईंची शाळा दुसरीत सुटली होती. पण फिती त्यांना वाचाव्या लागत नव्हत्या. त्यांचा नवरा हवालदार राजाभाऊ निगडे मराठा पलटणीत दर्जी होता. लढाऊ जवान असतात तसे पलटणीचे स्वैपाकी, धोबी, न्हावी आणि दर्जीही असतात. वर्दी तीच, कवायत तीच, आणि पलटण जाईल तिथं जाणंही तेच. परेड जवळ आली की निगड्यांच्या क्वार्टरमध्ये फितींचे रोल यायचे. राजाभाऊ मशीनवर, आणि इंदुमतीबाई पाटावर बसून पट्ट्यांच्या कडा दुमडायच्या. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग, कुठली फीत आधी, कुठली नंतर, हे त्यांच्या बोटांत बसलं होतं. पांढऱ्यात लाल म्हणजे घाव पदक. शत्रूच्या हातून जखम झाली त्याला ते मिळायचं. बाकी कुणालाही नाही.

"विश्वा," त्या म्हणाल्या, "हे कुणाचं?"

"कुठलं?"

"तुला माहीत आहे कुठलं."

विश्वजितनं लॅपटॉप बंद केला. "बाबांचं. त्यांना मिळायला पाहिजे होतं ते. मिळालं नाही, म्हणून मी दिलं. काय चुकलं?"

"सरकार आहेस तू?"

"आई, दोन बोटं गेली होती त्यांची. मी बारा वर्षांचा होतो. सुईत दोरा ओवायला मीच लागायचो त्यांना. शर्टाची बटणं लावून द्यायचो. ती बोटं काय शिवणयंत्रात गेली होती?"

इंदुमतीबाईंनी कप टेबलावर ठेवला. हेच वाक्य, जवळजवळ ह्याच शब्दांत, त्यांनी स्वतः नवऱ्याला ऐकवलं होतं. बोटं गेली ती काय माहेरी गेली, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि दोन दिवस अबोला धरला होता.

झालं होतं असं. सियाचीनला वरच्या चौकीवर वादळात तंबू फाटला. तो तसाच खाली आणून शिवावा तर वरची माणसं रात्र काढणार कशात? म्हणून दर्ज्यालाच वर धाडलं. जाड हातमोज्यात सुई धरता येत नाही. राजाभाऊंनी उजवा मोजा काढला, तंबू शिवला, आणि मोजा परत घालेपर्यंत दोन बोटांचे शेंडे बर्फानं खाल्ले होते. पलटणीतली माणसं म्हणाली, निगडे, घाव पदकाला नाव लाव. राजाभाऊ म्हणाले, गोळी नाही, बाँब नाही, कुणी समोर नव्हतं. बर्फ दोन्हीकडच्यांना सारखाच चावतो, त्याला दुश्मन कसं म्हणू? नियमात बसत नाही ते बसत नाही. सियाचीनचं पदक मिळेल, ते तिथं होतो म्हणून मिळेल, आणि कमांडिंग ऑफिसर साहेबांना मिळेल तेच मिळेल. मला तेवढं पुरे.

इंदुमतीबाईंना पुरलं नव्हतं. वर्षानुवर्षं पुरलं नव्हतं. आणि आता ते भिंतीवर लटकत होतं, दिव्याखाली, आयतं.

"काढ ते," त्या म्हणाल्या.

"आई, रविवारी खर्डेकर येताहेत."

"म्हणून तर म्हणते, काढ."

खर्डेकर म्हणजे तनयाचं ठरू घातलेलं सासर. तनया ही विश्वजितची एकुलती एक मुलगी. तिचं आणि समर्थ खर्डेकरचं ऑफिसातच जुळलं होतं. घरच्यांची पसंती झाली होती, रविवारी नोएडाहून ते येणार आणि सुपारी फोडून तारीख धरणार, असं ठरलं होतं. समर्थचे वडील इंद्रजित खर्डेकर फौजेतून कर्नल होऊन निवृत्त झालेले. आणि हळूहळू, एकेक शब्द ओढून काढावा तसं, प्रज्ञाच्या तोंडून बाहेर आलं की मागच्या महिन्यात क्लबात जेवताना विश्वजितनं कर्नलसाहेबांना सांगितलं होतं: माझे वडील मराठा पलटणीत होते, सियाचीनला गोळी लागून जखमी झाले. दर्जी हा शब्द त्या जेवणात आला नव्हता.

"ते खूश झाले ऐकून," विश्वजित म्हणाला. "सगळ्या खानदानाला सांगितलं त्यांनी. आता भिंतीवर ते नसलं तर विचारणार नाहीत? आणि असलं तर कोण बघतंय जवळ जाऊन? फक्त एक दिवसाचा प्रश्न आहे. नंतर काढू."

"खोटं एक दिवस लावलं तर अर्धं खोटं होतं काय?"

"तुलाही तर पाहिजे होतं हे मेडल. मला आठवतं."

"पाहिजे होतं," इंदुमतीबाई म्हणाल्या. "मला ह्यांना मिळायला पाहिजे होतं. दुकानातून आणायला नको होतं."

त्यावर तो उठून आत गेला. त्याच्या वडिलांची सवय नव्हती ती. राजाभाऊ भांडण अर्धं टाकून कधी उठत नसत, मशीन चालवत चालवत का होईना पण संपवत.

शनिवारी सकाळी विश्वजित ऑफिसच्या कसल्याशा बैठकीला गेला. इंदुमतीबाईंनी स्टूल ओढलं, फ्रेम खाली उतरवली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि तनयाच्या खोलीचं दार वाजवलं.

"उठ. कँटला जायचंय. तुझी ती टॅक्सी बोलाव."

तनयानं डोळे चोळले. "आजी, आज? उद्या पाहुणे आहेत यार."

"म्हणूनच आज. आणि यार तुझ्या मैत्रिणीला म्हण."

टॅक्सीत इंदुमतीबाईंनी नातीला सगळं सांगितलं. तनयाला आजोबा आठवत होते ते दिल्ली कँटच्या, म्हणजे छावणीच्या, बाजारातल्या एका खोलीत मशीनवर बसलेले. निवृत्तीनंतर त्यांनी तिथं मशीन टाकलं होतं आणि त्याच्यावर विश्वजितची इंजिनियरी झाली होती. तिचे शाळेतले फ्रॉक त्यांनीच शिवलेले. पण पलटणीतही ते हेच करत, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. "मला वाटायचं, नंतर छंद म्हणून शिवायचे," ती म्हणाली.

"आठ आठ तास कुणी छंद करत नाही."

टोलनाक्यावर धुकं अजून विरलं नव्हतं, गाड्यांचे दिवे पिवळे पिवळे दिसत होते.

"लग्न तुझं आहे," इंदुमतीबाई म्हणाल्या. "मी म्हातारी, माझा हेका माझ्यापाशी. तू म्हणालीस राहू दे तर राहील. काय करू, बोल."

"समर्थला काय सांगू मी?"

"ते मी विचारलं नाही."

"काढ," तनया म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मला आजोबांच्या नावावर खोटं नको."

कँटच्या बाजारात दुकान सापडायला वेळ लागला नाही. फ्रेमच्या पाठीवर त्याचा शिक्का होता. आत भिंतभर टोप्या, बिल्ले, काठ्या, फितींचे रोल. गल्ल्यावरचा माणूस चाळिशीचा, पान खाणारा. इंदुमतीबाईंनी फ्रेम काउंटरवर ठेवली आणि पांढऱ्या-लाल फितीवर बोट ठेवलं.

"ये किसने लगाया?"

"हमने लगाया माताजी. साहब ने बोला था. पिताजी घायल हुए थे, मेडल कहीं खो गया है, डुप्लीकेट लगा दो."

"हुकूम देखा? कागज देखा?"

तो हसला. "साहब लोगों से कौन कागज माँगता है."

"हमारे वो माँगते थे," इंदुमतीबाई म्हणाल्या. "साहब लोगों से भी."

हे बढाई म्हणून नव्हतं. पलटणीच्या ऑफिसातून पदकाचा हुकूम निघाल्याशिवाय राजाभाऊ फितीला टाका घालत नसत. बेळगावला असताना नाईक हुद्द्याचा एक जवान आला होता; जीप उलटून पाय मोडला होता, आणि पुढच्या आठवड्यात गावी लग्न. छातीवर पांढरी-लाल फीत पाहिजे होती, बायकोच्या माणसांना दाखवायला. बरोबर एक कोंबडी घेऊन आला होता. राजाभाऊ म्हणाले, पाय जीपनं मोडला ना, मग जीपकडून घे पदक. कोंबडी परत गेली. इंदुमतीबाईंनी तोवर मसाला वाटून ठेवला होता. त्या मसाल्यात त्यांनी शेवटी बटाटे घातले आणि नवऱ्याला वाढताना ताट जरा जोरातच आपटलं.

दुकानदार म्हणाला, साहेबांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. इंदुमतीबाईंनी त्याच्याच काउंटरवरची कात्री उचलली. फ्रेमच्या मागचे खिळे तनयानं काढले. आत सगळ्या फिती एकाच पुठ्ठ्यावर शिवून पक्क्या केलेल्या होत्या. एक काढायची तर शेजारचीचा टाका सांभाळून काढावी लागते, नाहीतर ओळच्या ओळ खाली येते. इंदुमतीबाईंनी दोरा ओठांत ओला केला, सियाचीनच्या फितीला आधी दोन नवे टाके घातले आणि मग पहिली फीत उसवली. दुकानदार पान चघळायचा थांबला होता.

पदक तळहातावर आलं तेव्हा त्यांनी ते नातीपुढे धरलं. "कडेवरून नख फिरव."

तनयानं फिरवलं. "काही नाही. प्लेन आहे."

"आता ह्याच्यावरून."

सियाचीनच्या पदकाच्या कडेला बारीक खाचा लागल्या. नंबर, हुद्दा, आर के निगडे.

"सरकारी पदकाच्या कडेला माणसाचं नाव ठोकलेलं असतं," इंदुमतीबाई म्हणाल्या. "हे कुणाचंच नाही. म्हणून कुणालाही मिळतं."

मखमलीवर जिथं ते टेकलं होतं तिथं एक गोल वण उठला होता, आणि वर टाक्यांची भोकं. दुकानदार म्हणाला, पाच मेडल मधोमध सरकवून नवी मखमल लावतो, दोन घंटे लागतील. इंदुमतीबाई म्हणाल्या, नको, आहे तसं राहू दे.

घरी आल्यावर त्यांनी फ्रेम होती तिथंच लावली. विश्वजित संध्याकाळी आला, भिंतीकडे बघितलं, आईकडे बघितलं. खूप काही बोलेल असं प्रज्ञाला वाटलं, पण तो फक्त म्हणाला, "तुला माझी इज्जत घालवायचीच असेल तर घालव."

"मी काही घालवणार नाही," इंदुमतीबाई म्हणाल्या. "ते विचारतील तेव्हा पहिल्यांदा तूच बोल. तू नीट बोललास तर मी तोंड उघडणार नाही. ह्यांची शपथ."

रविवारी खर्डेकर वेळेवर आले. फौजी माणूस, वेळेच्या आधी खाली पार्किंगमध्ये येऊन थांबला असेल. बरोबर पत्नी वृंदाताई आणि समर्थ. मिठाईचे डबे, फुलं, एक पैठणी. चहा झाला, प्रज्ञानं केलेल्या करंज्या झाल्या, दिल्लीच्या धुराबद्दल बोलणं झालं. मग कर्नलसाहेब हात पाठीमागे बांधून भिंतीपाशी गेले. इंदुमतीबाईंना ठाऊकच होतं, जाणार. पदकं दिसली की फौजी माणूस बसल्या जागी राहत नाही.

"अच्छा, हे सियाचीन," ते म्हणाले. "हे सैन्य सेवा. छान ठेवलंय हं." मग ते वाकले. "इथं काही होतं का? मखमलीवर गोल उठलंय."

इंदुमतीबाईंनी पदर सारखा केला आणि मुलाकडे बघितलं. हीच ती वेळ. एक वाक्य पुरे होतं. माझी चूक झाली, वडिलांना गोळी लागली नव्हती. एवढं म्हणाला असता तर त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता, आणि दर्जी हा शब्द तो त्याच्या सवडीनं कधीही म्हणाला असता तरी चाललं असतं.

"ते काही नाही, सर," विश्वजित म्हणाला. "दुकानदाराची गडबड. त्यानं चुकून भलतंच एक लावून दिलं होतं. काढून टाकलं."

"ये लोग भी ना," कर्नलसाहेब म्हणाले.

"पण घाव पदक दिसत नाही ह्यात," वृंदाताई म्हणाल्या. त्या फौजीची बायको. नजर तयार होती. "गोळी लागली होती ना तुमच्या वडिलांना?"

"ते... ते दुसरीकडे ठेवलंय."

तनयानं डोळे मिटून घेतले. इंदुमतीबाई उठल्या. गुडघ्यांना वेळ लागला तेवढा लागला. कमरेच्या रुमालातून त्यांनी पदक काढलं आणि जाऊन कर्नलसाहेबांच्या हातात ठेवलं.

"दुसरीकडे म्हणजे माझ्या कमरेला होतं," त्या म्हणाल्या. "कड बघा साहेब."

कर्नलसाहेबांनी अंगठा फिरवला. एकदा, मग उलटा.

"ह्यांना गोळी लागली नव्हती. बर्फात फाटलेला तंबू शिवताना दोन बोटं गेली. नियमात ते बसत नव्हतं, म्हणून ह्यांनी पदक मागितलं नाही, आणि मी मागा म्हटलं तर माझं ऐकलं नाही. ते पलटणीचे दर्जी होते. हवालदार दर्जी. हे पदक दुकानातून आणलेलं आहे, आणि दुकानदाराची ह्यात काही चूक नाही. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं."

"आई," विश्वजित हलकेच म्हणाला.

"तुझी पाळी झाली, विश्वा."

वृंदाताईंनी हातातली बशी खाली ठेवली. "आम्ही सगळ्यांना सांगितलं हो. माझ्या माहेरी, ह्यांच्या कोर्समेट्सना. अभिमानानं सांगितलं."

"मग आता दर्जी होते म्हणून सांगा. तेही अभिमानानं सांगता येतं, मी करून बघितलंय. आणि तुम्हाला दर्ज्याची नात नको असेल तर तेही आत्ताच सांगा. करंज्या तशाही खाऊन झाल्यात."

"दर्ज्याचं मला काही नाही," वृंदाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चढला होता. "खोटं सांगितलं त्याचं आहे."

"मलाही त्याचंच आहे," इंदुमतीबाई म्हणाल्या.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. सासरमाहेरची नाती जुळण्याआधीच इथं काहीतरी जुळल्यासारखं झालं, निदान प्रज्ञाला तरी तसं वाटलं.

कर्नलसाहेब अजून फ्रेमपुढेच होते. "माझ्याकडे हे नाही," ते सियाचीनच्या पदकाकडे बघत म्हणाले. "मला जायचं होतं. नाव दिलं होतं. खालच्या कँपात डॉक्टरनं रक्तदाब बघितला आणि तिथूनच परत धाडलं. वर पाऊलच पडलं नाही, मग कसलं मेडल." ते थोडं हसले. "कर्नल झालो तरी नाही मिळालं. आणि तुमच्या हवालदारसाहेबांनी वर जाऊन तंबू शिवला."

"बोटांसकट गेले, बोटांशिवाय आले," इंदुमतीबाई म्हणाल्या. "पण तंबू फाटला नाही पुन्हा."

"मला कालच कळलं होतं," समर्थ कोपऱ्यातून म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं. "तनयानं फोनवर सांगितलं. मी घरी बोललो नाही. म्हटलं, आजी बोलतीलच."

"आणि नसते बोलले तर?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"तर मी बोललो असतो. पण तुम्ही नाही बोलणार असं तनयाला वाटत नव्हतं."

ह्यावर वृंदाताईही हसल्या, पण पुरतं नाही. जेवणं झाली. बोलणं चाललं, थांबलं, परत चाललं. सुपारीचं तबक प्रज्ञानं देवघरापाशी मांडून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. निघताना वृंदाताईंनी पैठणी तनयाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही तुझीच. सुपारी मात्र पुढच्या महिन्यात फोडू. आज माझ्या मनात खडा आहे, तो जाऊ दे. मुलीबद्दल नाही गं. तू यायचीच आहेस आमच्याकडे." मग इंदुमतीबाईंच्या पाया पडल्या. कर्नलसाहेबांनी दाराशी टाचा जुळवल्या, भिंतीकडे वळून बघितलं, आणि लिफ्टकडे गेले.

दार बंद झालं. विश्वजित सोफ्यावर बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरून म्हणाला, "सुपारी पुढं गेली. तुझ्यामुळे."

"आजीमुळे नाही, बाबा," तनया म्हणाली.

इंदुमतीबाईंनी स्टूल ओढलं. प्रज्ञा धरायला धावली, त्यांनी तिला हातानं थांबवलं. फ्रेम खाली उतरवली, काचेवरून पदर फिरवला आणि ती कडेवर मूल घ्यावं तशी घेऊन मुलासमोर उभ्या राहिल्या.

"ऐक विश्वा, आणि नीट बघ माझ्याकडे. ते पदक तू लावलंस, त्याचा मला राग नाही. बापाची बोटं तू बघितली होतीस, तुला वाटलं त्याला द्यावं. मलाही तेच वाटत होतं एके काळी. पण आज साहेबांनी विचारलं तेव्हा तू एका पान खाणाऱ्या गरीब दुकानदाराच्या माथी मारलंस, आणि बाप दर्जी होता हे तुझ्या तोंडून निघालं नाही. ज्या मशीननं तुला इंजिनियर केलं त्या मशीनची लाज वाटली तुला. पदक मिळवायला जशी लायकी लागते तशी ते भिंतीवर लावायलाही लागते, आणि तुझी अजून झालेली नाही. ही फ्रेम माझ्या खोलीत राहील. पुढच्या महिन्यात खर्डेकर येतील तेव्हा तू स्वतः उठून, मी न सांगता, माझे वडील पलटणीचे दर्जी होते असं त्यांच्या तोंडावर म्हणशील, त्या दिवशी ये आणि घेऊन जा. तोवर ह्या भिंतीवर नुसता खिळा राहील, येता जाता बघत जा त्याच्याकडे."